पासची दहा मिनिटे: भू-नियंत्रण कक्षातील नोकरीवर जीव कसा जडवावा

अवकाश मोहिमेच्या भू-नियंत्रण कक्षात नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिली निराशा साधारणपणे काही महिन्यांतच गाठते. प्रक्षेपणाचा दिवस, एकेका विभागाकडून घेतले जाणारे होकार, शेवटी उसळणाऱ्या टाळ्या हे सारे पाहून तो या क्षेत्राकडे ओढला गेलेला असतो; आणि प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येतो तो पहाटे 3 वाजून 40 मिनिटांचा पास (उपग्रह भू-केंद्रावरून दिसण्याची मोजकी मिनिटे), हिरव्या आकड्यांनी भरलेला पडदा आणि लॉगबुकातील 'सर्व मापे मर्यादेत' ही एका ओळीची नोंद. यावरून हे काम कंटाळवाणे आहे, असा निष्कर्ष काढून काही जण दोन-तीन वर्षांत निघून जातात. माझ्या मते ते प्रेमाची जागा चुकीच्या ठिकाणी शोधत असतात. प्रक्षेपण हे लग्न आणि संचालन हा संसार, असे धरून चालले तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. भारताचे मंगळयान 2014 मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले तेव्हा त्याचे अपेक्षित आयुष्य 6 महिन्यांचे होते. त्याच्याशी संपर्क 2022 पर्यंत टिकला. ऑपर्च्युनिटी ही बग्गी मंगळावर 90 दिवस चालावी म्हणून पाठवली होती. ती 14 वर्षांहून अधिक काळ चालली. व्हॉयेजर ही दोन याने 1977 मध्ये निघाली आणि त्यांच्याशी बोलणारी माणसे पिढ्यांनी बदलली. हा जो नंतरचा लांबलचक काळ आहे, त्यालाच भू-संचालन म्हणतात. या काळावर जीव कसा जडवावा, हे पुढे सांगितले आहे.

आधी एकच आकडा निवडा

उपग्रहाकडून येणाऱ्या टेलिमेट्रीत, म्हणजे त्याच्या प्रकृतीच्या आकड्यांच्या प्रवाहात, हजारो मापे असतात आणि पहिल्याच आठवड्यात ती सारी समजून घेण्याचा प्रयत्न करणारा माणूस हमखास थकतो. त्याऐवजी एकच माप निवडावे. बॅटरीचा व्होल्टेज हे त्यासाठी उत्तम. पृथ्वीजवळच्या कक्षेतील उपग्रह सुमारे 95 ते 100 मिनिटांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि बहुतेक कक्षांमध्ये त्यातील सुमारे 35 मिनिटे तो पृथ्वीच्या सावलीत असतो. सावलीत शिरताच सौर पट्ट्यांचा विद्युतप्रवाह शून्यावर येतो, बॅटरी उतरू लागते, पट्ट्यांचे तापमान झपाट्याने खाली जाते. बाहेर पडताच थंडगार पट्टे क्षणभर नेहमीपेक्षा जास्त वीज देतात आणि मग तापल्यावर स्थिरावतात. हा आलेख आठवडाभर रोज स्वतःच्या हाताने कागदावर काढावा. संगणक तो क्षणात काढून देतो हे खरे. तरीही हाताने काढावा, कारण हाताला लागलेले वळण डोळ्यांत उतरते आणि मग एखाद्या दिवशी रेषा जराशी वेगळी वाकली, तर ती मर्यादेच्या आत असूनही तुम्हाला खटकते.

हे खटकणे म्हणजेच या नोकरीतील प्रेमाची पहिली खूण. मर्यादा ओलांडल्यावर वाजणारा अलार्म यंत्र देते. मर्यादेच्या आत राहूनही काहीतरी बिनसले आहे, हे ओळखण्यासाठी माणूस लागतो.

पुढच्या महिन्यात दुसरे माप घ्यावे, उदाहरणार्थ रिअॅक्शन व्हीलची गती. ही चाके फिरवून उपग्रह आपली दिशा सांभाळतो, परंतु सूर्यप्रकाशाचा सूक्ष्म दाब आणि विरळ हवेचे घर्षण यांनी दिलेला धक्का ती स्वतःत साठवत जातात, त्यामुळे त्यांची गती हळूहळू चढत राहते आणि ठरावीक काळाने चुंबकीय कुंडल्या (तारेची वेटोळी) किंवा थ्रस्टर (छोटी इंजिने) वापरून ती उतरवावी लागते. काही आठवडे हे चढणे-उतरणे पाहिले की चार चाकांपैकी कोणते थोडे कुरकुरते, कोणते नेहमी दोन अंशांनी अधिक तापते, हे कळू लागते. कक्षातील जुनी माणसे यानाविषयी बोलताना 'आज त्याचा मूड ठीक नाही' असे सहज म्हणून जातात. नवख्याला त्यात भाबडेपणा वाटतो. वर्षभराने तोही तसेच म्हणू लागतो.

भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहावर काम करणाऱ्यांना हा ताल वेगळा मिळतो. त्यांच्या उपग्रहाला वर्षाचा बहुतेक काळ सावली लागतच नाही. वसंत आणि शरद संपाताच्या (दिवस-रात्र समान असतात त्या दिवसांच्या) आसपास सुमारे दीड-दीड महिना रोज सावली येते, आणि ती ऐन संपाताच्या वेळी साधारण 70 मिनिटांपर्यंत लांबते. त्यामुळे त्यांचे वर्ष दोन ग्रहणऋतूंमध्ये विभागलेले असते. त्या ऋतूंची तयारी करणे, म्हणजे बॅटऱ्यांची चाचणी घेणे, हीटरच्या वेळा बदलणे, हे काम ज्याला मनापासून आवडते, त्याला आकाशातले ऋतू कळू लागले असे समजावे.

निरर्थक वाटणारे आकडे लक्षात ठेवण्याची किंमत काय असते, हे अपोलो 12 ने दाखवले. 14 नोव्हेंबर 1969 रोजी उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत रॉकेटवर दोनदा वीज कोसळली आणि नियंत्रण कक्षातील टेलिमेट्रीत अर्थहीन आकडे दिसू लागले. विद्युत यंत्रणेच्या कन्सोलवर (देखरेखीच्या मेजावर) बसलेल्या जॉन आरन यांनी तसाच आकड्यांचा विस्कळीतपणा सुमारे वर्षभर आधी एका जमिनीवरील चाचणीत पाहिला होता, आणि तेव्हा कोणीही सांगितलेले नसताना त्याचे कारण शोधून ठेवले होते. एक स्विच पर्यायी स्थितीवर टाकण्याची सूचना त्यांनी दिली. उड्डाण संचालकांना तो स्विच ठाऊक नव्हता, यानातील अॅलन बीन यांना मात्र तो कुठे आहे हे माहीत होते. टेलिमेट्री परत आली आणि मोहीम चंद्रावर पोहोचली. या प्रसंगाविषयी बोलताना लोक प्रसंगावधानाचे कौतुक करतात. मला अधिक महत्त्वाची वाटते ती वर्षभर आधीची ती जिज्ञासा, जिचा त्या दिवशी कोणालाही उपयोग नव्हता.

पासची तयारी पासपेक्षा मोठी

एका भू-केंद्रावरून पृथ्वीजवळचा उपग्रह एका फेरीत जास्तीत जास्त 10 ते 15 मिनिटे दिसतो; अनेकदा त्याहून कमी. नॉर्वेतील स्वालबार्डसारख्या 78 अंश उत्तरेच्या केंद्रावरून ध्रुवीय कक्षेतील उपग्रह जवळजवळ प्रत्येक फेरीत दिसतो, पण तिथेही प्रत्येक भेट मोजक्या मिनिटांचीच असते. म्हणून पास ही गोष्ट आगगाडीच्या फलाटावरील भेटीसारखी वापरावी: काय बोलायचे ते आधी ठरलेले असले पाहिजे.

निदान 30 मिनिटे आधी कन्सोलवर बसावे. या पासमध्ये कोणत्या कमांड जाणार, कोणत्या क्रमाने, प्रत्येकीनंतर टेलिमेट्रीतील कोणते माप बदललेले दिसले पाहिजे आणि ते न बदलल्यास काय करायचे, हे एका कागदावर लिहावे. गेल्या पासची शेवटची मापे शेजारी मांडून ठेवावीत. अँटेना क्षितिजाकडे वळलेली आहे, ट्रान्समीटर तयार आहे, हे भू-केंद्राकडून ऐकून घ्यावे. त्यानंतर काही मिनिटे काहीच करायचे नसते, आणि मला विचाराल तर ही या नोकरीतील सर्वांत सुंदर मिनिटे. आपल्याला माहीत असते की ठरलेल्या सेकंदाला क्षितिजावरून काहीतरी वर येणार आहे.

मग वाहक लहरीचे, म्हणजे उपग्रहाच्या संकेताच्या मूळ रेडिओ लहरीचे, टोक पडद्यावर उभे राहते. एस-बँडवर (रेडिओ लहरींच्या एका पट्ट्यात) काम करणारा उपग्रह उगवताना त्याची वारंवारिता नेहमीपेक्षा काही दहा किलोहर्ट्झ वर असते, माथ्यावरून जाताना ती झरझर खाली येते आणि मावळताना तितकीच खाली गेलेली असते. हा डॉप्लरचा, म्हणजे वेगामुळे वारंवारिता बदलण्याचा, उतार प्रत्येक पासमध्ये पाहावा. संगणक त्याची भरपाई करतो म्हणून तो दुर्लक्षित राहतो. परंतु सेकंदाला 7 किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारी वस्तू डोक्यावरून गेली, याची जाणीव देणारी तीच एक रेषा आहे. रात्र अनुकूल असेल, पहाटेचा किंवा संध्याकाळचा पास असेल आणि पाळी नसेल, तर निदान एकदा बाहेर उभे राहून आपला उपग्रह डोळ्यांनी शोधावा. सगळे उपग्रह दिसत नाहीत. दिसला, तर नंतरच्या हजार पासांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

पास संपल्यावर लगेच उठू नये. नोंद सविस्तर लिहावी, आणि ती अशा माणसासाठी लिहावी, जो दोन वर्षांनी एखाद्या बिघाडाचे मूळ शोधत याच पानावर येणार आहे. 'किंचित जास्त' असे न लिहिता किती जास्त ते लिहावे.

प्रोसिजर कंटाळवाणी वाटत असेल तर

प्रोसिजर म्हणजे कमांड देण्याची पायरीवार लिखित पद्धत. नव्या माणसाचा सर्वाधिक राग तिच्यावर असतो, कारण ती त्याच्या बुद्धीचा अपमान करते असे त्याला वाटते. हा राग घालवण्याचा एक उपाय आहे: प्रत्येक पायरीपुढे समासात 'ही का?' असे लिहावे आणि उत्तर मिळेपर्यंत वरिष्ठांना विचारत राहावे. बहुतेक पायऱ्यांमागे एखादी घडलेली किंवा थोडक्यात टळलेली चूक निघते, आणि मग तो रुक्ष कागद एखाद्या जुन्या घराण्याच्या बखरीसारखा वाचता येऊ लागतो.

त्या बखरीतील काही पाने सगळ्या जगाला ठाऊक आहेत. 1988 मध्ये सोव्हिएत संघाच्या फोबॉस 1 या यानाला पाठवलेल्या कमांडमध्ये एक अक्षर सुटले. त्यामुळे दिशा सांभाळणारे थ्रस्टर बंद झाले, सौर पट्टे सूर्यापासून वळले, बॅटऱ्या संपल्या आणि यान गेले. मंगळावर 1976 पासून काम करणाऱ्या व्हायकिंग 1 ला नोव्हेंबर 1982 मध्ये बॅटरी चार्जिंगसंबंधी नव्या कमांड पाठवताना अँटेना कुठे रोखायची याची माहितीच पुसली गेली. पृथ्वी कुठे आहे हे त्याला पुन्हा कळले नाही. मार्स क्लायमेट ऑर्बिटर 23 सप्टेंबर 1999 रोजी नष्ट झाले, कारण जमिनीवरील एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदात दिले आणि ते वापरणाऱ्यांनी ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. या शेवटच्या प्रकरणात एककांची चूक सर्वांना आठवते. चौकशीत पुढे आलेली दुसरी गोष्ट मात्र या नोकरीत रोज उपयोगी पडते. मार्ग अपेक्षेप्रमाणे नाही, याची कुणकुण दिशादर्शन करणाऱ्यांना आधीच लागली होती, पण ती शंका अनौपचारिक बोलण्यात आणि ई-मेलमध्ये फिरत राहिली. बिघाड नोंदवण्याच्या रीतसर मार्गाने ती शेवटपर्यंत तडीस गेली नाही.

म्हणून शंका आली की ती नोंदवावी. चहा पिताना सांगितलेली शंका नोंदवलेली नसते. तुमची शंका चुकीची ठरली तर एक फॉर्म वाया जातो, एवढेच. आणि कमांड पाठवण्याआधी 'थांबा' म्हणण्याचा अधिकार जर तुमच्या कक्षात सर्वांत कनिष्ठ माणसालाही असेल, तर तो वापरून पाहावा, कारण पहिल्यांदा वापरताना आवाज कापतो आणि तो कापायचा तेवढा एखाद्या साध्या दिवशी कापून झालेला बरा.

चूक झाल्यावरही या कामात प्रेमाला जागा असते, किंबहुना तिथेच ती अधिक दिसते. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या सोहो या यानाशी 25 जून 1998 रोजी संपर्क तुटला. त्यामागे सदोष कमांड-क्रम होते आणि एका चालू जायरोला (यानाचे वळणे मोजणाऱ्या उपकरणाला) बिघडलेला समजून बंद करण्याचा निर्णय होता. चार आठवडे काहीच ऐकू आले नाही. मग अरेसिबोच्या महाकाय अँटेनाने रडार लहर सोडली, गोल्डस्टोनच्या अँटेनाने प्रतिध्वनी टिपला आणि यान आपल्या जागी संथपणे गिरक्या घेत असल्याचे समजले. 3 ऑगस्टला क्षीण वाहक लहर मिळाली. गोठलेले इंधन वितळवायला पुरेशी वीज नव्हती, म्हणून बॅटऱ्या थोड्याथोड्या भरत, टाकी आणि नळ्या टप्प्याटप्प्याने तापवत, ते यान सप्टेंबरमध्ये पुन्हा सूर्याकडे वळवले गेले, आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते काम करत राहिले. ज्या गटाच्या हातून चुका झाल्या, तोच गट त्या उन्हाळ्यात यानाशेजारी बसून राहिला होता.

वाट पाहण्याची सवय

पृथ्वीजवळच्या उपग्रहाला विचारले की तो लगेच उत्तर देतो. दूरच्या यानाचे तसे नाही. मंगळापर्यंत संदेश जायला ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे 3 ते 22 मिनिटे लागतात. 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळयानाचे मुख्य इंजिन सुमारे 24 मिनिटे चालवायचे होते, आणि संदेशाला एका दिशेने 12 मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. त्यात यान मंगळाच्या आडही जाणार होते. साऱ्या कमांड कित्येक दिवस आधी यानात भरून ठेवलेल्या होत्या. सुमारे 300 दिवस निजलेले ते इंजिन पेटते का, हे पाहण्यासाठी दोनच दिवस आधी ते साधारण 4 सेकंद चालवून पाहिले होते. म्हणजे प्रत्यक्ष घटनेच्या वेळी कक्षातील माणसांच्या हाती करण्यासारखे काहीही उरले नव्हते. ज्याला ही अवस्था असह्य वाटते, त्याने ती सहन करण्याचा प्रयत्न न करता तिचे काम बदलावे: त्या वेळात पुढच्या तीन शक्यतांचे कागद तयार ठेवावेत. संकेत ठरल्या वेळी आला तर काय, उशिरा आला तर काय, आलाच नाही तर काय. हात गुंतले की घड्याळाकडे पाहणे कमी होते, पूर्ण थांबत नाही.

धूमकेतूकडे निघालेले रोझेटा हे यान 31 महिने झोपवून ठेवले होते. 20 जानेवारी 2014 रोजी ते आपल्या आतल्या गजराने उठून पृथ्वीकडे तोंड करणार होते आणि जागतिक वेळेनुसार 17:30 ते 18:30 या तासाभरात त्याचा संकेत अपेक्षित होता. 17:30 झाले, 18:00 झाले. पडद्यावरील रेषेत टोक उठले ते 18:18 ला. त्या 48 मिनिटांत जर्मनीतील डार्मश्टाट येथील कक्षात जे बसले होते, त्यांना नोकरी आवडते का, असे विचारण्याची गरज कोणालाही पडली नसावी.

व्हॉयेजर 1 च्या बाबतीत तर प्रश्न आणि उत्तर यांच्यात जवळजवळ दोन दिवस जातात. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच्याकडून निरर्थक विदा (डेटा) येऊ लागली. काही महिन्यांच्या शोधानंतर कळले की एका संगणकाच्या स्मृतीतील एक चिप निकामी झाली आहे. त्या चिपवरील प्रोग्रॅमचे तुकडे करून ते उरलेल्या स्मृतीत ठिकठिकाणी बसवायचे ठरले, कारण ते सगळे एका जागी मावेल इतकी मोकळी जागा नव्हती. 18 एप्रिल 2024 रोजी पहिली दुरुस्ती पाठवली आणि 20 एप्रिलला यानाच्या प्रकृतीची वाचता येण्याजोगी माहिती परत आली. दूरच्या मोहिमेत काम करायचे असेल, तर कमांड पाठवल्यावर घरी जाऊन शांत झोपण्याची कला शिकावी लागते. ती शिकता येते. फक्त पाठवण्यापूर्वीची तपासणी इतकी पक्की असली पाहिजे की नंतर अंथरुणात आठवायला काही उरू नये.

पाळ्या आणि शरीर

इथे थोडक्यात आणि स्पष्ट बोलणे बरे. रात्रपाळीचा गौरव करू नये. पहाटे 3 ते 5 या वेळात माणसाची नजर मंदावते आणि वाचलेली ओळ मनात उतरत नाही. म्हणून महत्त्वाची, परत न फिरवता येणारी कमांड या वेळात ठेवू नये, आणि ठेवावीच लागली तर दुसऱ्या माणसाने ती मोठ्याने वाचल्याशिवाय पाठवू नये. मंगळाचा दिवस पृथ्वीच्या दिवसापेक्षा सुमारे 40 मिनिटांनी मोठा असल्यामुळे बग्गी उतरल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत गट मंगळाच्या घड्याळावर जगतात, रोज 40 मिनिटे उशिरा कामावर येतात आणि पाच-सहा आठवड्यांत साऱ्या दिवसरात्रीची प्रदक्षिणा करतात. सुरुवातीला याची गंमत वाटते. घरच्यांना वाटत नाही. आपल्या पुढच्या महिन्याच्या पाळ्या घरात सर्वांना दिसतील अशा ठेवाव्यात, आणि झोपेच्या वेळेला पासच्या वेळेइतकेच अढळ मानावे.

पाळी सोपवताना निदान 15 मिनिटे दोघांनी एकत्र बसावे. काय घडले याबरोबरच आपल्याला काय खटकते आहे, तेही सांगावे. निघण्याच्या घाईत न सांगितलेल्या एका वाक्याने पुढच्या माणसाची रात्र खराब होऊ शकते.

सरावात हरणे

सिम्युलेशन, म्हणजे खोटे बिघाड घडवून सराव, घेणारी माणसे कक्षात फारशी लोकप्रिय नसतात, कारण त्यांचे कामच मुळी तुम्हाला अडचणीत टाकणे हे असते. त्यांच्याशी मैत्री करावी. जुलै 1969 च्या आरंभी, अपोलो 11 च्या उड्डाणाच्या अगदी आधी, ह्यूस्टन येथील एका सरावात त्यांनी चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या संगणकाचा एक अनोळखी अलार्म वाजवला. नियंत्रकांनी उतरणे रद्द केले, आणि सरावानंतर त्यांना सांगण्यात आले की तो अलार्म उतरणे रद्द करण्याजोगा नव्हता. त्या नामुष्कीतून जॅक गार्मन या तरुण अभियंत्याने साऱ्या अलार्मांची आणि प्रत्येकाच्या वेळी काय करावे याची यादी बनवली. 20 जुलैला प्रत्यक्ष उतरताना 1202 हा अलार्म आला तेव्हा उत्तर त्या यादीत होते. नियंत्रक स्टीव्ह बेल्स यांनी काही सेकंदांत पुढे जाण्यास होकार दिला.

सरावात हरल्यावर घरी जाण्यापूर्वी अशी एक यादी करावी. ती हाताने लिहिलेली, आपल्या अक्षरातली, कन्सोलच्या काचेखाली राहील इतकी लहान असावी. व्हॉइस लूपवर, म्हणजे नियंत्रकांना जोडणाऱ्या सामायिक ध्वनिवाहिनीवर, बोलताना वाक्य आधी मनात पूर्ण करावे, मग बटण दाबावे, आणि बोलणे संपले की बटण सोडावे. लूपवर एखाद्याचा नुसता श्वास ऐकून तो घाबरला आहे की नाही हे सहकाऱ्यांना कळते, आणि काही वर्षांनी तुम्हालाही कळू लागते. ज्या माणसांचे आवाज चेहऱ्यांआधी ओळखीचे होतात, जी कदाचित दुसऱ्या खंडावरील भू-केंद्रात बसलेली असतात आणि ज्यांना आपण कधी भेटणारही नाही, त्यांच्याविषयी वाटणारी आपुलकी हा या नोकरीचा असा लाभ आहे, जो कोणत्याही नियुक्तिपत्रात लिहिलेला नसतो.

तरीही जीव जडला नाही तर

वर्षभर प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही आकडे मुके राहिले, तर त्यात कमीपणा नाही. काहींना वस्तू घडवण्यात आनंद असतो, सांभाळण्यात नसतो. अशांनी कक्षा-गणित, मोहीम-नियोजन किंवा भू-प्रणालीचे सॉफ्टवेअर यांकडे वळावे. तिथे त्याच यानाशी वेगळ्या अंतरावरून नाते जोडता येते. त्याआधी मात्र एक उपाय करून पाहावा. आपण उतरवून घेतलेली विदा पुढे कुठे जाते, याचा माग काढावा. वादळाची प्रतिमा वापरणाऱ्या हवामानतज्ज्ञाकडे किंवा वर्णपटाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाकडे एक दिवस बसावे आणि एखादा पास चुकला की त्यांचे नेमके काय अडते, ते विचारावे. कन्सोलवर 'विदा मिळाली' ही फक्त एक खूण असते. पलीकडच्या टोकाला कोणीतरी तिची वाट पाहत बसलेले असते, हे एकदा पाहिले की पहाटेचा पास थोडा हलका होतो. पूर्ण हलका होतो असे म्हणणार नाही.

निरोप देताना

प्रत्येक मोहीम संपते, आणि तिचा शेवटही कोणाच्या तरी पाळीतच येतो. 15 सप्टेंबर 2017 रोजी कॅसिनीचा संकेत पडद्यावरून नाहीसा झाला तेव्हा शनीच्या वातावरणात ते यान 83 मिनिटांपूर्वीच जळून गेलेले होते. ऑपर्च्युनिटीचा शेवटचा संदेश 10 जून 2018 रोजी आला. धुळीच्या वादळानंतर तिला जागे करण्यासाठी हजाराहून अधिक कमांड पाठवल्या गेल्या आणि 13 फेब्रुवारी 2019 रोजी मोहीम संपल्याचे जाहीर झाले. पृथ्वीजवळच्या उपग्रहांचा शेवट बहुधा आपल्याच हाताने करावा लागतो. भूस्थिर उपग्रह आपल्या कक्षेपासून सुमारे 300 किलोमीटर वर नेऊन ठेवायचा, खालचा उपग्रह लवकर जळून जाईल अशा कक्षेत उतरवायचा, उरलेले इंधन सोडून द्यायचे, बॅटरी सौर पट्ट्यांपासून तोडायची, आणि सर्वांत शेवटी ट्रान्समीटर बंद करण्याची कमांड द्यायची.

ही शेवटची कमांड कोणी द्यायची हे आधी ठरवावे, आणि जमल्यास ती अशा माणसाला द्यावी, ज्याने पहिला पास घेतला होता. ज्यांची बदली झाली आहे, जे निवृत्त झाले आहेत, त्यांना बोलवावे. या प्रोसिजरचीही इतर प्रोसिजरइतकीच कडक तपासणी करावी, कारण अर्धवट बंद झालेला उपग्रह वर्षानुवर्षे आपल्या वारंवारितेवर ओरडत राहतो. कमांड गेल्यावर वाहक लहरीचे टोक खाली बसते. त्यानंतरच्या नियोजित पासलाही अँटेना त्याच क्षितिजाकडे वळवून ठेवावी, पूर्ण पासभर ऐकावे, काही ऐकू येत नाही याची खात्री करून घ्यावी, आणि लॉगबुकात वेळ सेकंदापर्यंत लिहून खाली सही करावी.